दहाव्याचे केस

सोपान न्हाव्याचा वस्तरा मानेपर्यंत पोचायचा, तोवर उल्हासच्या कपाळावरचे केस पुन्हा बोटभर वाढलेले असायचे. सकाळपासून हे सहाव्यांदा झालं होतं. घाटाच्या तीन पायऱ्या केसांखाली गेल्या होत्या आणि ऊन नुसतं चढत होतं.

"उल्हासराव, खरं सांगा," सोपान मनगट चोळत म्हणाला. "डोक्याला लावता तरी काय?"

"लावत नाही. गोळी घेतो. रोज एक. एकोणीस वर्षं झाली."

"आणि या दहा दिवसांत?"

उल्हास ओशाळला. सुतकात गोड नाही, देवपूजा नाही, गादी नाही. सगळं त्याने अगदी काटेकोर पाळलं होतं. पण औषध चालतं, असं गुरुजीच म्हणाले होते ना! शिवाय केसांची ही गोळी सुरू करतानाच डॉक्टरांनी बजावलेलं, घेताय तोवर केस तुमचे, सोडलीत की वर्षभरात राखलेलंही जाणार. म्हणून वडील गेले त्या सकाळीसुद्धा त्याने रडत रडत गोळी गिळलीच होती.

"अरे, मी रक्तदाबाच्या गोळीचं म्हणत होतो," गुरुजींनी कपाळाला हात लावला. "आता केस उतरल्याशिवाय पिंड ठेवता येत नाही, आणि त्याशिवाय अप्पांना निघता येत नाही."

अप्पा, म्हणजे उल्हासचे गेलेले वडील, खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले होते. टक्कल उन्हात चकाकत होतं. रागावलेले नव्हते; न येणाऱ्या एस.टी.ची वाट बघून माणूस दमतो, तसे दमलेले.

"झालं का रे?"

"होतंय, अप्पा."

"मघाशीही हेच म्हणालास. बसून बसून कंबर गेली माझी."

"तुमचं डोकं मी चहा निवायच्या आत उरकायचो," सोपान त्यांना म्हणाला. "पोरगा तुमच्यावर नाही गेला."

"चौतिसाव्या वर्षी जायला लागला होता," अप्पा म्हणाले. "त्यालाच नको होतं."

उल्हासने मांडीवरचे केस झटकले.

सातव्या खेपेला वस्तरा झिजून गवताच्या पात्याएवढा झाला. सोपानने तो खाली ठेवला आणि केसांच्या ढिगावर आडवा होऊन झोपूनच गेला. गुरुजीही बसल्या बसल्या पेंगले. मग अप्पा कण्हत उठले, वर आले आणि त्यांनी वस्तरा उचलला.

"मान खाली."

अप्पांचा हात फिरला तिथे केस परत आले नाहीत. डोकं गार लागलं. उल्हासला इतकं हलकं वाटलं, की त्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डावी बाजू झाली होती आणि अप्पांच्या हाताला बोटं नव्हती.

"अप्पा, थांबा! तुमचा हात..."

"हलू नकोस, कापेल."

कपाळावरचे केस उतरले तेव्हा अप्पांचं कोपरही गेलं होतं. उल्हासने उरलेले केस दोन्ही मुठींत गच्च धरले.

"मान खाली, बाळ," अप्पांचा आवाज म्हणाला, आणि वस्तरा त्याच्या बोटांच्या फटींतून एकेक केस शोधत पुढे निघाला.