फळ्यावरचे बिल्ले

“थांब! पहिलं काय?”

टुई फाटकाच्या कुलपात किल्ली घालणार होती, ती तशीच थांबली. दक्षिणेचा वारा असा सुटला होता की तिची टोपी उडायला बघत होती. एका हातानं टोपी धरून तिनं माझ्याकडे पाहिलं.

“पहिलं झेंडा बघायचा. वर असेल तर आत माणसं आहेत.”

“आणि खाली असेल तर?”

“तरी आत माणसं आहेत असंच धरून चालायचं.”

“मग?”

“फाटक उघडायचं, गाडी आत घ्यायची, फाटक लावायचं. मेंढ्या बाहेर पडल्या तर तुम्ही माझी हजेरी घ्याल.”

“मी कशाला घेईन? मेंढ्यांचा मालक घेईल. माझा नंबर त्याच्यानंतर.”

ती हसली. मी हसलो नाही. शिकवताना हसायचं नाही, हा माझा नियम होता. आमच्या क्लबात लोक मला पाठीमागे ‘हेडमास्तर’ म्हणत. म्हणोत बापडे. साउथलंडच्या त्या टेकडीखाली चोवीस वर्षं नेमबाजीची रेंज सांभाळली, कुणाच्या अंगाला कधी ओरखडा आला नाही. त्या सकाळपर्यंत तरी असंच सांगत होतो.

टुई पराटा आमच्या गावच्या इस्पितळात नर्स. बाप गेला आणि त्याची रायफल तिच्याकडे आली. सरकारी परवाना तिनं काढला होता, पण एकटीनं रेंजवर येण्याची किल्ली अशी उचलून मिळत नाही. सहा वेळा माझ्यासमोर यायचं, सहाही वेळा सगळं बिनचूक करायचं, मग कार्डावर माझी सही आणि मग किल्ली. तिला ती एप्रिलच्या आत हवी होती. एप्रिलमध्ये नर हरणं डुरकायला लागतात. तेव्हा बाप तिला डोंगरात न्यायचा. यंदा त्याची रायफल घेऊन तिला त्याच दरीत जायचं होतं. त्याआधी रोज ड्यूटी संपल्यावर सराव करायचा होता.

“शिकाऱ्याच्या पोरीला कसली एवढी घाई?” असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“बाबांचा नेम चांगला होता, मातुआ. माझा वाईट आहे. हरणाला तडफडत ठेवायचं नाही मला.”

ती इथल्या मूळच्या लोकांतली, त्यांच्यात वडीलधाऱ्या पुरुषाला मातुआ म्हणतात. क्लबात बाकी सगळे मला नुसतं लिंडसे म्हणत. तिनं पहिल्या दिवसापासून मातुआ म्हटलं आणि मी उगाच थोडा ताठ चालायला लागलो. आज तिची सहावी खेप होती.

छपराखाली माणसं आली होती. गॉर्डन, आमचा सेक्रेटरी, मेंढ्या भादरणारा, दंडांनी दरवाजा अडेल एवढा. विन्टन म्हणून एक अबोल शिक्षक. आणि माझा मेहुणा नेव्ह, म्हणजे माझ्या बायकोचा, जीनचा, धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे अडुसष्टचा. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

“आला हेडमास्तर,” नेव्ह म्हणाला. “आमच्या ताईनं काय दिलंय डब्यात?”

“चीज रोल. तुला नाहीत.”

“माझ्या बहिणीच्या हातचं मलाच नाही? सोडचिठ्ठी घ्यायला लावीन तिला.”

टुईनं वहीत नाव लिहिलं, वेळ लिहिली. रायफल बाहेर काढली, बोल्ट उघडा, आत गोळी नाही हे दाखवणारी पिवळी पट्टी. दुर्बिणीतून शंभर मीटरवरचा मातीचा बांध डावीकडून उजवीकडे पाहिला. एक चुकार मेंढी होती, ती हाकलून आली. मी गप्प उभा. चूक काढायला जागाच ठेवत नव्हती.

मग बिल्ले. छपराच्या खांबावर एक फळा आहे, त्यावर खिळे, खिळ्यांवर पत्र्याचे नंबरी बिल्ले. एक नंबर माझा. निशाणाचे कागद बदलायला जो कुणी पुढे जाईल त्यानं आपला बिल्ला काढून खिशात घालायचा आणि परत आल्यावर टांगायचा. फळा भरल्याशिवाय कुणी रायफलीला हात लावायचा नाही. आणि आपला बिल्ला आपल्याच हातानं टांगायचा. हा शेवटचा नियम मी स्वतः लाल रंगात लिहिला होता.

“अजून एक राहिलं,” मी म्हणालो.

“‘थांबा’ कुणीही ओरडू शकतं,” टुई म्हणाली. “नवीन माणूस, पाहुणा, कुणीही. आणि ओरडणाऱ्यावर कुणी चिडायचं नाही.”

“कोण चिडलं तर?”

“तर त्याला तुम्ही हाकलून द्याल.”

नियमाची ही खोड मला रेंजवर लागलेली नव्हती, बसवर लागली होती. एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. पहिल्याच वर्षी गॅरेजमध्ये बस लावून उतरताना मागे कसलासा आवाज झाला. जाऊन बघतो तर शेवटच्या बाकाखाली एक चिमुरडी गाढ झोपलेली, बुटाचा बंद तोंडात. कुलूप लावून गेलो असतो तर? त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचो, वाकून बघायचो. बस रिकामी दिसत असली तरी जायचो. लोक हसायचे. हसू दे म्हटलं.

तर पहिली फैर झाली. रायफली उघड्या करून सगळे मागे सरले. टुईचा कागद मला जवळून बघायचा होता म्हणून मीही बिल्ला घेऊन गेलो. आम्ही पाच जण. तिची तिन्ही भोकं काडेपेटीखाली झाकतील अशी होती.

“नेम वाईट म्हणे!” मी म्हणालो. “खोटारडे!”

ती लाजली. तोंडावर हात ठेवून कागदाकडे बघत राहिली. बापाची आठवण आली असावी. मला फार बरं वाटलं. परत येताना तिच्याशीच बोलत होतो, वाऱ्याचं किती धरावं, श्वास कधी सोडावा. अर्ध्या वाटेत नेव्हनं मागून हाक मारली.

“लिंडसे, गुडघा बोंबलतोय रे. तू हो पुढे. हा घे, माझा पण टांग. मी येतोच मागनं.”

त्यानं बिल्ला माझ्या हातात दिला. मी घेतला.

बस, एवढंच. मी घेतला. चोवीस वर्षांत दुसऱ्याचा बिल्ला मी हातात घेतला नव्हता. कुणी पुढे केला असता तर त्याला फाडून खाल्लं असतं. पण मेहुणा, गुडघे दुखतायत, आणि माझ्या डोक्यात ती तीन भोकं. छपराखाली आलो. माझा टांगला, त्याचा टांगला. गॉर्डननं चीज रोलचा डबा उघडला म्हणून त्याच्यावर ओरडलो. मग फळ्याकडे पाहिलं. एकही खिळा रिकामा नव्हता, म्हणजे समोर कुणी नाही.

“साफ!” मी ओरडलो. “भरा!”

बोल्टांचा खटखट आवाज झाला. गॉर्डन पालथा पडला, गाल रायफलीला लावला.

“थांबा! सगळे थांबा!”

टुई. तिनं आपली रायफल उघडून जमिनीवर ठेवली होती आणि ती मागे उभी होती.

आणि मी चिडलो. होय, मी.

“काय थांबा? फळा भरलाय, दिसत नाही? सहाव्या खेपेला असले चाळे?”

“फळा भरलाय, मातुआ. पण आपण पाच गेलो होतो. आलो चारच.”

“नेव्ह गाडीत असेल.”

“गाडीत नाहीये. मी बघितलं.”

वाऱ्यानं वहीची पानं फडफडत होती. मग बांधाच्या पायथ्याशी, जिथे आम्ही लाकडी चौकटी ठेवतो त्या जमिनीत अर्ध्या पुरलेल्या खोपटातून एक निळी लोकरी टोपी वर आली. मग नेव्हचं डोकं. मग सगळा नेव्ह. हातातला चष्मा आमच्याकडे नाचवत, लंगडत, तो गॉर्डनच्या निशाणाच्या ऐन समोरून चालत आला.

मी खांब धरला. डोळ्यांसमोर निळी टोपी आणि कानात माझाच आवाज. साफ, भरा.

गॉर्डननं बोट काढलं, बोल्ट उघडला, गोळी गवतात पडली. तो उठला, चार पावलं गेला आणि खाली बसला.

“दाबतच होतो,” तो म्हणाला. “देवाशप्पथ सांगतो, दाबतच होतो.”

नेव्ह पोचला. “चष्मा विसरलो होतो रे खोपटात. काय झालं? कुणी मेलं की काय?” आमची तोंडं बघून त्याचं हसू मावळलं. त्यानं फळ्याकडे पाहिलं, आपल्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात धरली. “अरे बाप रे,” एवढंच म्हणाला.

बराच वेळ गेला. चहा ओतला होता, कुणी प्यायला नाही. मी घटनांची वही उघडली तेव्हा गॉर्डन उठून आला.

“लिंडसे, लिहू नको. काही झालं नाही ना? पोलीस येतील, रेंज बंद ठेवतील. सीझन तोंडावर आलाय.”

“चूक माझी होती,” नेव्ह म्हणाला. “बिल्ला मी दिला.”

“तू दिलास,” मी म्हणालो. “पण घेतला कुणी? लाल रंगात लिहिलंय कुणी?”

मी लिहिलं. तारीख दोनदा खोडली. साडेतीन ओळी झाल्या. ‘रेंज वॉर्डनने दुसऱ्याचा बिल्ला टांगला. माणसे मोजली नाहीत. थांबा म्हणणाऱ्या सदस्येवर ओरडला.’ तिसरं वाक्य लिहिताना टुई बाजूला उभी होती.

“ते नका लिहू, मातुआ.”

“का? घडलं नाही?”

“आणि मी सदस्य नाहीये अजून.”

मी तिचं कार्ड मागितलं. ती देईना. म्हणाली, आज नको, आजचा दिवस धरूच नका. मी तिच्या हातातून कार्ड जवळजवळ ओढून घेतलं आणि सहाव्या रकान्यात सही केली. मग गळ्यातली किल्ली काढून गॉर्डनसमोर ठेवली. एक नंबरचा बिल्लाही खिळ्यावरून काढून शेजारी ठेवला.

घरी गेलो तर जीन भांडी पुसत होती. डबा भरलेला परत आला तेव्हाच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय. मी उभ्या उभ्या सांगितलं सगळं. तुझा भाऊ आज माझ्या हातून गेला असता, म्हटलं.

तिनं फडकं ठेवलं. नेव्हला फोन लावला. “आहेस ना?” विचारलं. तो काय म्हणाला कोण जाणे. “बरं,” म्हणाली आणि ठेवला. मग टेबलाशी बसली.

“लिंडसे, तू तर शेवटच्या बाकापर्यंत जायचास ना रे?”

ती रागावली असती, भांडली असती, तर मी उत्तर दिलं असतं. ती खरंच विचारत होती. मी स्वयंपाकघरात पोरासारखा रडलो.

पोलीस येऊन गेले. रेंज तीन आठवडे बंद राहिली. लोकांनी मला शिव्या दिल्या असतील, तोंडावर कुणी दिल्या नाहीत. क्लबाच्या बैठकीत मी उठून सांगितलं की मला नवीन माणसाचं कार्ड द्या, सहा खेपा पहिल्यापासून. काही जण हसले, त्यांना वाटलं म्हातारा नाटक करतोय. गॉर्डन हसला नाही, त्यानं कार्ड काढून दिलं. नवीन वॉर्डन कोण, यावर फार चर्चा झाली नाही.

रेंज उघडली त्या शनिवारी मी फाटकाशी गाडी उभी केली. टुई आतून चालत आली. किल्ली तिच्या गळ्यात होती. मला वाटलं, नुसतं फाटक उघडेल. तसं व्हावं असंही थोडं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

ती फाटकापलीकडे थांबली.

“पहिलं काय, मातुआ?”

मी सांगितलं. झेंड्यापासून सुरुवात केली. तिनं एकही गोष्ट सोडली नाही. मेंढ्यासुद्धा विचारल्या. वहीत तिनं मला पाहुण्यांच्या पानावर नाव लिहायला लावलं आणि चौदा नंबरचा बिल्ला दिला, सगळ्यात खालच्या खिळ्याचा, वाकावं लागतं.

कागद बदलायला आम्ही सगळे गेलो. ती फळ्यापाशी थांबली. परत येताना नेव्ह मागे पडला. त्याचा गुडघा पार सुजला होता. मी त्याच्या बरोबरीनं चालायला लागलो तर म्हणाला, “तू हो पुढे, मी माझा टांगीन.” मी आलो, वाकलो, माझा टांगला आणि उभा राहिलो. गॉर्डन, विन्टन, सगळे उभे. नेव्ह त्या थंड वाऱ्यात एकेक पाऊल टाकत येत होता. कुणी हाक मारली नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. तो आला, धापा टाकत त्यानं बिल्ला टांगला.

फळा भरला. टुईनं बोटानं आमची डोकी मोजली, ओठ हलत होते. मला वाटलं आता ओरडेल. पण तिनं स्वतःचा बिल्ला काढून खिशात घातला आणि ती चालू लागली, सरळ बांधापर्यंत. खोपटाशी पोचली, वाकून आत बघितलं. आत कुणी नव्हतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

बसची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती.

ती परत आली आणि बिल्ला टांगला.

“साफ,” ती म्हणाली.

बाकीचे पालथे पडले. मी मागच्या बाकावर बसून राहिलो, नेव्हनं थर्मासमधला चहा दिला तो दोन्ही हातांनी धरला.