भाऊजींच्या पेशी मरत नव्हत्या

भाऊजींना प्रयोगशाळेत तिनेच चिकटवलं होतं, त्यामुळे आता बोलायची सोय नव्हती. नवऱ्याचा धाकटा भाऊ, शिकलेला, हातही बरा. पण कामात अंग चोरतो, असं घरात सगळ्यांचं मत. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या हाताखाली राहील तर माणसात येईल," आणि तिने प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांकडे शब्द टाकला.

काम सरळ होतं. माकडाच्या आणि वटवाघळाच्या पेशी प्लास्टिकच्या चपट्या बशांत वाढवायच्या, दोन्हींवर एकच विषाणू सोडायचा आणि कोण किती तग धरतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. माकडाच्या पेशींचा दोन दिवसांत चुरा व्हायचा. वटवाघळाच्या मात्र ढिम्म.

"भाऊजी, विषाणू सगळ्या बशांत घातलात ना?"

"घातला की, वहिनी."

"या ओळीतसुद्धा?"

"आता काय शपथ घेऊ?"

ते हसले, पण नजर चुकवून. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मग ती काचेच्या दाराआडून त्यांच्यावर डोळा ठेवू लागली. ती दिसली की भाऊजी बशांवर झाकण टाकत. एकदा तर तिने वटवाघळाच्या पेशींसाठी भरून दिलेली विषाणूची नळी उजेडासमोर धरून ते निरखून बघत होते. तिची चाहूल लागताच नळी झटकन बर्फात गेली. चोराच्या हालचाली याहून वेगळ्या काय असतात?

"तुमचा भाऊ अर्ध्या बशांना हातच लावत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याने ते आईच्या कानावर घातलं. त्यानंतर जेवताना सासूबाई डाव आपटत वाढू लागल्या आणि भाऊजी मान खाली घालून चार घासांत उठू लागले.

शेवटी तिने भाऊजींना सामान आणायच्या निमित्ताने बाहेर पिटाळलं आणि सगळ्या बशांत स्वतःच्या हाताने विषाणू घातला. दोन दिवसांनी बघते, तर वटवाघळाच्या पेशी तशाच ढिम्म! तिने त्यांच्यावर विषाणूला चिकटून हिरवा उजळणारा रंग घातला. भिंगाखाली पेशीपेशीत हिरवे ठिपके. विषाणू आत ठाण मांडून होता आणि पेशींना त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिने मोठ्या सरांना बोलावून आणलं.

मोठे सर भिंगातून बराच वेळ बघत राहिले. "उडणं फुकट मिळत नाही, बाई. बोटं लांबली, मधे कातडी ताणली, हाताचा पंख झाला. पण उडताना अंग भट्टीसारखं तापतं. त्या धगीत पेशींतल्या डीएनएचे तुकडे पडतात. आपल्या शरीराला असे तुकडे दिसले की वाटतं, शत्रू आला! लगेच सूज, ताप, बोंबाबोंब. वटवाघळाला रोज हा दंगा कसा परवडणार? ज्यांच्यात तो मुळातच कमी होता, ती टिकली, त्यांची पिल्लं टिकली. असं लाखो वर्षं चाललं. पहारा जागा राहिला, बोंब कमी झाली. म्हणून विषाणूही पचतो. निदान आमचा अंदाज तसा आहे, पुरावे अजून जमतायत."

त्या रात्री जेवताना तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी होती. भाऊजी खरं बोलत होते."

सासूबाईंचा डाव हवेतच थांबला. भाऊजींनी पाण्याचा घोट घेतला.

"मलाही तुमचा संशय होता, वहिनी."

"माझा?"

"वाटलं, माझी परीक्षा घ्यायला तुम्ही वटवाघळांसाठी मेलेला विषाणू देताय. म्हणून त्यांच्यासाठी दिलेल्या नळीतला उरलेला थेंब माकडाच्या पेशींवर टाकून बघितला. साफ मेल्या."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर खरं वाटलं असतं तुम्हाला?"

नवरा उगाच मीठ शोधत बसला.

पुढे भाऊजींनी सरांकडून दुसरा विभाग मागून घेतला. तिने अडवलं नाही. चहाच्या वेळी ते अजून तिच्या दारात येतात आणि विचारतात, "येऊ का आत, की आधी झडती घेताय?" ती हसते, खुर्ची पुढे सरकवते. ते बसतात, पण दाराजवळच्या खुर्चीत.