तांब्याच्या कलशातली झोप

गुरुवारी सकाळी नाहूरच्या एका इमारतीत सोसायटीचा हॉल इतका भरायचा, की चपलांची रांग जिन्यापर्यंत जायची. आयांच्या कडेवर खोकणारी पोरं, आणि पुढे पाटावर भाऊमहाराज. हे मालवणकडचे, अंगात अवसर म्हणजे देवाचा संचार येणारे. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या छातीत जा काय घर करून बसला आसा, ता भायर काढ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हॉल घुमायचा.

गाऱ्हाणं झालं की महाराज कलशातून पळीभर तीर्थ पोराच्या तोंडात सोडायचे. खोकला जंतूंनी होतो हे त्यांना मान्य नव्हतं. तो म्हणे आडवाटेवरून मागे लागलेला पाहुणा असतो, आणि त्याला झोप लागली की तो पोराला सोडतो. पाहुण्याला झोप लागायची की नाही देव जाणे, पोराला मात्र हमखास लागायची. घरी पोचेपर्यंत ते आईच्या खांद्यावर मान टाकायचं आणि खोकला बंद. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता?

फक्त एक अट होती. "तीर्थाचा नाव डॉक्टरासमोर घेवचा नाय. घेतलास तर पाव्हणो तिप्पट होवन परत येतलो. मगे माझ्याकडे येव नका."

ही अट किती सोयीची आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. दीप्ती तावडेच्याही नाही. ती बँकेत कामाला, शिकलेली. पण तीन वर्षांचा निहार आठवडाभर खोकून बेजार झाला होता आणि सासूबाईंनी, वनमालाबाईंनी, हट्टच धरला.

"आई, ह्यात काय घालतात?" दीप्तीने हळूच विचारलं.

"तीर्थात काय असतां म्हणान कोण इचारता?" सासूबाई म्हणाल्या. "गप हात जोड."

निहार त्या दिवशी गाढ झोपला. महाराजांनी घरी न्यायला तांब्याची एक छोटी बाटलीही दिली. रविवारी दुपारी खोकला पुन्हा उफाळला तेव्हा वनमालाबाईंनी त्यातलं तीर्थ पाजलं. दीप्तीने विचार केला, सगळं देवावर कशाला टाका? थोरल्या मुलीचं, दिशाचं, सर्दी-खोकल्याचं सिरप कपाटात उरलं होतं, ते तिने स्वयंपाकघरातल्या चमच्याने दिलं. तिच्या हिशेबी औषध एकदाच दिलं होतं. तीर्थ म्हणजे काही औषध नव्हे, ते कोण मोजतं?

तासाभराने ती त्याला उठवायला गेली. हाक मारली, गाल थोपटला, गार पाणी लावलं. पापण्या अर्ध्या उघडल्या आणि पुन्हा मिटल्या. हात उचलला तर तो तसाच खाली पडला. श्वास इतका हळू चालला होता, की तो चालू आहे हे बघायला तिला कान छातीला लावावा लागला. तिने त्याला उचललं आणि खाली धावली. रिक्षा मुलुंडच्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत ती एकच नाव घेत होती, आणि ते देवाचं नव्हतं.

डॉक्टर शर्मिष्ठांनी टॉर्चने डोळे पाहिले. "कुठलं औषध दिलंत?"

"खोकल्याचं सिरप. एक चमचा."

"चुकीचंच केलंत, पण एका चमच्याने इतकं होईलसं वाटत नाही. आणखी काही दिलंत? नीट आठवा."

वनमालाबाईंनी सुनेचं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या डोळ्यांत दटावणी नव्हती, निव्वळ भीती होती. दीप्ती म्हणाली, "नाही."

"मग मेंदूज्वर आहे का बघावं लागेल," डॉक्टर नर्सकडे वळल्या. "पाठीतून पाणी काढायची तयारी करा."

दीप्तीने पर्स छातीशी धरली; तीर्थाची बाटली तिच्यातच होती. मी बोलले आणि पोर गेलं, तर? जन्मभर तेच ऐकावं लागेल आणि तेच मनात राहील. बँकेतली, पदवीधर दीप्ती त्या क्षणी पाहुण्याला खरोखर घाबरली होती. मग तिची नजर निहारच्या छातीवर गेली. पुढचा श्वास यायला फार वेळ लागला.

"तीर्थ दिलंय," ती म्हणाली, आणि पर्समधून बाटली काढली.

डॉक्टर हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. पांढऱ्या कापसावर त्यांनी दोन थेंब टाकले. गुलाबी, चिकट डाग पडला. तुळशीच्या वासाखाली रासबेरीचा वास होता.

"तुमच्या घरी जे सिरप आहे, तसलंच हे असणार. म्हणजे पोराला ते दोनदा गेलं. एका बाटलीत तीन-तीन औषधं असतात. एक खोकला दाबतं, दुसरं नाक सुकवतं आणि गुंगी आणतं, तिसरं चोंदलेलं नाक मोकळं करतं. जास्त झालं की श्वासही मंदावतो. इतक्या लहान मुलाला हे द्यायचंच नसतं. बरं झालं बोललात."

निहार रात्रभर ऑक्सिजनवर होता. सकाळी त्याने डोळे उघडून बिस्किट मागितलं आणि वनमालाबाई तोंडाला पदर लावून रडल्या.

पुढच्या गुरुवारी दीप्ती हॉलमध्ये काचेचा ग्लास घेऊन गेली.

"महाराज, तीर्थ ह्यात ओता ना."

"काचेत तीर्थ बाटता."

"मग मीच ओतते." महाराज उठायच्या आत तिने कलश वाकवला. तांब्यात जे कुणाला कधी दिसलं नव्हतं, ते खिडकीच्या उजेडात सगळ्यांना दिसलं. ग्लास गुलाबी झाला होता.

महाराजांच्या अंगात एकदम अवसर आला. ते घुमायला लागले, कोपाची भाषा करू लागले. तेवढ्यात वनमालाबाई उठल्या, पुढे गेल्या आणि पाटामागचं लाल कापड त्यांनी ओढलं. मागे लेबलं खरवडलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या. अवसर जागच्या जागी उतरला.

"माझी अपूर्वा पण त्या दिवशी उठत नव्हती," मागून एक बाई म्हणाली. "मी बोलले नाही. घाबरले."

दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

"मीही घाबरले होते," दीप्ती म्हणाली. "पण माझं पोर बोलण्याने गेलं नाही, बोलले म्हणून वाचलं. मुलाच्या पोटात जे जातं ते सगळं मोजायचं. सिरप, काढा, शेजारणीने दिलेला घोट, तीर्थसुद्धा. उरलेली बाटली दुसऱ्या पोराला द्यायची नाही, आणि डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही. काय पाजता हे जो सांगत नाही, त्याच्या हातून पोराला पाणीसुद्धा पाजू नका."