पातीची सुरगाठ

थोरल्याने यादीवर बोट वरून खाली फिरवलं, मग खालून वर. शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर ती चिकटवली होती. सरकारी योजनेतून आसपासच्या कोणत्या शेतकऱ्याने शाळेला कोणती भाजी पुरवायची, त्याची ही नवी यादी. कांद्याच्या पातीपुढे सहा वर्षं त्याचं नाव होतं. आज तिथे धाकट्याचं होतं. सख्ख्या भावाचं.

सायकलवरचे दोन क्रेट न उतरवताच तो परत फिरला.

वाटेत धाकटा आपल्या अंगणात क्रेट धूत होता. निळे, कोरे, योजनेचा शिक्का मारलेले.

"दादा, मीच येणार होतो सांगायला."

"सवड झाली नसेल. मोठी माणसं तुम्ही आता."

धाकटा हसला आणि पुन्हा क्रेट धुऊ लागला. थोरला सायकल दामटत पुढे निघाला. लहानपणापासून याचंच घोडं पुढे. सायकल आधी याला, खिडकीजवळचं अंथरूण याला. आणि बायकोही याचीच जिवंत. हे मनात आलं तसा तो सायकलवरून उतरला आणि नीट असलेली चेन उगाच तपासत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने स्वयंपाकघर गाठलं. धाकट्याने योजनेच्या साहेबाच्या पुढेपुढे केलं असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

"माझ्या पातीत काय खोट होती, ते सांगा."

मुख्य स्वयंपाकीणबाई भलंमोठं पातेलं विसळत होती. "पातीत नाही काका, गाठीत. काकू होत्या तोवर जुडी एका ओढीत सुटायची, ओल्या हातांनीसुद्धा. तुमची निरगाठ दातांनीही सुटत नाही. सुरीने कापायची, की सुतळीचे तुकडे. एक गेला पातेल्यात, एका पोरीच्या घशाशी अडकला. नशीब, खोकून बाहेर पडला. त्याआधी दोनदा निरोप धाडला होता तुम्हाला."

निरोप आले होते. बायको गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत त्याने कुणाचाच निरोप धड ऐकला नव्हता.

"आणि धाकट्याची गाठ काय सोन्याची आहे?"

बाईने हात पुसले आणि क्रेटमधली एक जुडी त्याच्यापुढे ठेवली. सुतळीचे दोन वेढे, एक फास, एक टोक मुद्दाम लांब सोडलेलं. त्याने ते टोक चिमटीत धरलं, पण ओढलं नाही. बायकोची ही गाठ त्याने वर्षानुवर्षं सायकलवरून वाहिली होती.

तो तसाच धाकट्याच्या अंगणात गेला. भावजय पातीच्या ढिगापाशी बसली होती. बोटं आपोआप चालत होती.

"ही गाठ कुणी शिकवली तुला?"

"वहिनींनी." तिने मान वर केली नाही. "शेवटचे दोन महिने रोज दुपारी यायच्या. बसवत नव्हतं, तरी भिंतीला टेकून बसायच्या."

त्या दुपारी तो शेतावर असायचा. ती घरी पडून असेल, असं धरून चालायचा. संध्याकाळी विचारायचा, झोप लागली का? ती हो म्हणायची.

"मला बोलली नाही कधी."

"शिकून घ्या, असं बोलल्या होत्या म्हणे. तुम्ही म्हणालात, गाठ ती गाठ." भावजयीने जुडी क्रेटमध्ये ठेवली. "मग मला म्हणाल्या, तू शिकून ठेव आणि मागाहून त्यांना शिकव. मी आले होते दादा, दोनदा. तुम्ही दार उघडलं नाहीत."

थोरला उभाच राहिला. आता यादी त्याला खुपत नव्हती. या भिंतीजवळच्या साठ दुपारी खुपत होत्या. त्या सगळ्या हिच्या वाट्याला गेल्या होत्या.

"कुठे टेकायची ती?"

भावजयीने जागा दाखवली. तो तिथे जाऊन बसला. तिने सुतळीचा गुंडा त्याच्याकडे सरकवला आणि एक जुडी सावकाश बांधून दाखवली. त्याने दुसरी घेतली. वेढे घेतले, फास केला, टोक लांब सोडलं. तिने ओढून पाहिलं. गाठ आणखीच आवळली. तिने ती नखांनी सोडवली आणि पात परत त्याच्यापुढे ठेवली.

दुपारपर्यंत दोन क्रेट भरले. जुड्या सगळ्या भावजयीच्या हातच्या. त्याची एकही अजून एका ओढीत सुटली नव्हती.