मान हलवणारे आबा

बहिऱ्या माणसाला तोंडावर बहिरा म्हणू नये, असं आमच्या ट्रस्टच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात. ते मी पाळते. पण ऐकू येत असून न ऐकल्यासारखं करणाऱ्याला काय म्हणायचं, ते कोणी शिकवत नाही. तशी माणसं मी धुळ्यात भरपूर पाहिली आहेत, सासरी तर जरा जास्तच. रावेर तालुक्यातल्या त्या गावात तोताराम आबांनाही मी पहिल्या तासाभरात त्यांच्यातच जमा करून टाकलं होतं.

त्या गावाशी आमची ओळख झाली ती पुरामुळे. गेल्या ऑगस्टमधली दुपार, गावात चांगलं ऊन, आणि सातपुड्यात वर कुठेतरी झालेल्या पावसाचं पाणी चार वाजता नदीतून आलं. माणसं वाचली. नदीकडच्या भीमनगरातली अकरा घरं गेली, बकऱ्या गेल्या, वर्षाचं धान्य गेलं. आमचा ट्रस्ट खरं म्हणजे कान तपासणारा, पण अशा वेळी कोण बघतं? आम्हीही पत्रे, भांडी, ब्लँकेटं घेऊन गेलो. वाटपाच्या वेळी माइकवर नाव पुकारलं तरी म्हातारी माणसं जागची हलायची नाहीत. शेजारच्याने कोपराने ढोसलं की मग उठायची. तेव्हाच ठरलं, इथे कानांचं शिबिर घ्यायचं. देणगीदार, कागद, परवानग्या यात अकरा महिने गेले.

शाळेने एक खोली दिली. केळीच्या ट्रकांचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्यांवर उरलेली ब्लँकेटं ठोकली. आमचा जितेंद्र बाहेर व्हरांड्यात नावं लिहून घेत होता आणि त्याच्या मदतीला मंदाबाई होती. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची बाई. पुरात सगळ्यात आधी तिचं घर गेलं होतं, आणि दुसऱ्याच दिवसापासून आठ दिवस याच शाळेच्या पडवीत तिने गावासाठी रांधलं होतं. भीमनगरातले जेवले, वरच्या आळीतले शेतकरीही येऊन जेवले. गावात कोणाच्या घरी कोण बहिरं आहे हे तिला तोंडपाठ होतं.

यादीत तोताराम आबांचं नाव दिसलं तशी ती म्हणाली, "त्याले कायले तपासता, वृषालीताई? त्याले बठ्ठं ऐकू येते. आमचंच येत नही."

"म्हणजे?"

"पुरानंतर तिसऱ्या दिशी त्याच्या दारात गेलती मी. बोलली दोन शब्द. त्यानं मान हलवली अन् दार लावून घेतलं. तव्हापासून आमच्या गल्लीत पाय टाकत नही तो."

"काय बोलायला गेला होतात तुम्ही?"

"जाऊ द्या. एकदा बोलली तेवढं पुरे झालं."

'आमचंच येत नाही' म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मीही धुळ्याच्या देवपुरातल्या बौद्ध वस्तीत वाढले आहे. वरच्या आळीतला केळीचा बागायतदार, पुरात सगळं गमावलेल्या बाईने दारात येऊन बोलावं आणि याने मान हलवून दार लावावं. माझं डोकं तिथेच तापलं.

थोड्या वेळाने आबा आत आले. सत्तरी ओलांडलेली, पांढरी टोपी, स्वच्छ सदरा, हातात छत्री. बायको गेलेली, मुलगा सुरतेला, असं फॉर्मवर लिहिलं होतं. मी हेडफोन चढवला आणि खुणेने सांगितलं, आवाज आला की बोट वर करायचं. खोली एवढीशी की मला त्यांना समोरच बसवावं लागलं. मी बटण दाबलं, बोट वर. आवाज कमी केला, बोट वर. आणखी कमी केला, तरी बोट वर. एवढ्या बारीक आवाजाला माझी बारावीतली मुलगीसुद्धा चुकेल. मंदाबाईचं खरंच होतं तर. कान ठणठणीत, नियतच वाईट.

तेवढ्यात बाहेर एका ट्रकवाल्याने असा हॉर्न मारला की दारातला जितेंद्र दचकला, माझ्या हातातलं पेन पडलं. आबा मात्र शांतपणे माझ्या खांद्याकडे बघत बसले होते. पापणीही लवली नाही.

मग मी एक केलं. आवाज पूर्ण बंद केला आणि नुसतंच बटण दाबलं. बोट वर! बटण दाबताना माझा खांदा जरासा हलत होता आणि हे गृहस्थ खांदा बघून बोट वर करत होते. रागावले की माझ्या तोंडून घरची बोली बाहेर पडते.

"हाई काय शे, आबा?" मी ओरडले. "माले येडी समजतस का?"

त्यांना शब्द कळले नसतील, पण चेहरा कळला. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दाराकडे बघितलं. मी उठून दार लावलं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कधीपासून?'

"सात वर्सं झाली, पोरी," ते म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "आधी पाखरं गेली. मंग बायकायचं बोलनं गेलं. आता काहीच नही. मी मान हलवतो, लोकायले वाटते आबा कमी बोलते."

'मग लपवता कशाला?' मी लिहिलं.

 त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मग सांगितलं. त्यांचा मळा नदीच्या वळणावर. वर डोंगरात पाणी सुटलं की त्याचा आवाज सगळ्यांच्या आधी तिथे यायचा. कान होते तोवर चाळीस वर्षं आबा तो ऐकत आले होते; कान गेल्यापासून तसं पाणी आलंच नव्हतं. आवाज आला की मळ्यात टांगलेला लोखंडी रूळ बडवायचे, आणि नदीकाठचं गाव गुरंढोरं घेऊन वर सरकायचं. कोणी नेमलं नव्हतं त्यांना. पण गाव त्यांच्या भरवशावर होतं.

"त्या दिशी मी मळ्यातच होतो," ते म्हणाले. "नदीकडं पाठ करून. पायाले गार लागलं तव्हा समजलं. पयत जाऊन रूळ वाजवला, पन तवर घरात पानी घुसलं होतं. गावाले सांगितलं, या खेपेले नदी गुपचूप आली. लोकायनं मानलं."

मी लिहायचं थांबले होते.

"एका बाईनं नही मानलं. मंदानं. तिसऱ्या दिशी दारात आली. बोलत रायली, बोलत रायली, डोये भरलेले. माह्यी नजर खाली. मले शब्द ऐकू आला नही, पन घर गेलेली बाई कायले आली ते समजत नही का? शिव्याच देत आसन. मी मान हलवली. म्हटलं, दे बाई, तुह्यं बरोबर हाये. अन् दार लावलं. मंग तिच्या गल्लीतून जायची हिंमत नही झाली."

खोटं कशाला सांगू, मला स्वतःची लाज वाटली. सकाळी एका वाक्यावर मी या माणसाचा निकाल लावून मोकळी झाले होते. मंदाबाई त्याच्या दारात शिव्या द्यायला गेली नव्हती एवढं मला तिच्या बोलण्यावरून कळत होतं. पण ती काय बोलली होती, ते मलाही माहीत नव्हतं.

मी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि तपासणी पहिल्यापासून केली. या वेळी बोट फारच कमी वेळा वर आलं. दोन्ही कान बरेच गेले होते, पण मशीनचा उपयोग होण्याइतके शिल्लक होते. दुपारी बाकीच्यांच्या बरोबर त्यांनाही मशीन बसवलं. थोडा थोडा आवाज वाढवत नेला तसे ते पंख्याकडे बघायला लागले, मग स्वतःच्या चपलेकडे. पाय घासला की चप्पल वाजते, हे ते विसरून गेले होते.

मशीन बसवल्यावर आमची एक पद्धत आहे. ओळखीच्या माणसाला पाठीमागे उभं करायचं आणि बोलायला लावायचं. समोरून बोललं तर म्हातारी माणसं ओठ वाचतात आणि मशीन चाललं की नाही ते समजत नाही. बहुतेकांबरोबर घरचं कोणी असतं. आबांबरोबर कोणी नव्हतं. कोणाला बोलावू, असं मी विचारलं.

"मंदाले बोलाव," ते म्हणाले. "तिनं ज्या शिव्या दिल्या त्या मले एकदा ऐकू दे. त्या ऐकल्याबिगर हे मशीन घरी नेऊन काय करू?"

 सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि मार खायला स्वतःच्या पायाने आल्यासारखा बसला होता.

मी बाहेर गेले. मंदाबाई आधी तयारच होईना. "मी कायले? पंचायत बसवली का माह्यी?" असं दोनदा म्हणाली. शेवटी आली, ती तोंड फिरवूनच. आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिची नजर त्यांच्या कानामागच्या मशीनवर गेली.

"याले खरंच ऐकू येत नही?" तिने हळूच विचारलं.

"सात वर्षांपासून नाही."

 ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी म्हटलं, "गेल्या वर्षी दारात जे बोललात तेच बोला. जसंच्या तसं."

"आता कायले?"

"त्यांना ऐकायचंय."

तिने पदराने तोंड पुसलं. मग त्यांच्या पाठीकडे बघत बोलायला लागली, आधी अडखळत, मग नेहमीच्या खणखणीत आवाजात.

"आबा, तीन दिस झाले, तुमच्या घरातून धूर नही निंघाला. शायेत मी रांधू रायली. वरन-भात हाये, गरम हाये. लोकं काही म्हनत नही तुमाले. नदी काय कोनाले सांगून येते? असं उपाशी बसू नका. चला जेवाले. चला, आबा."

आबा हलले नाहीत. मला वाटलं मशीन बंद पडलं. मी बटण बघायला वाकले.

"जेवाले?" त्यांनी विचारलं.

"हो. जेवालेच बोलावलं होतं," मंदाबाई म्हणाली. "तुमी मान हलवली. मले वाटलं येऊ रायले. ताट वाढलं. दिवस बुडेपर्यंत झाकून ठेवलं. मंग मले वाटलं..." ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी फॉर्मकडे बघायला लागले.

"मले वाटलं तू शिव्या देऊ रायली," आबा भिंतीला म्हणाले. "अन् तुले काय वाटलं ते सांगू नको. माहा बाप तुमच्या घरच्या मानसायले वरून पानी ओते, ओंजळीत. मी लहानपनी पायलं हाये. तुले तेच वाटनार."

"हो," मंदाबाई म्हणाली. "तेच वाटलं."

तिने ते रागाने म्हटलं नाही आणि उगाच गोड करूनही म्हटलं नाही. डोक्यावर पंखा वाजत होता. आता त्यांनाही तो ऐकू येत होता. बाहेर रांगेत अजून चौदा माणसं होती, पण जितेंद्रला आवाज द्यायचं माझ्याच्याने होईना. 

"आज वाढशील का?" आबांनी विचारलं.

"नही," मंदाबाई म्हणाली. "मी एकदा बोलावलं. आता तुमी बोलवा."

आबांनी खुर्ची फिरवली. फरशीवर पाय घासल्याचा आवाज झाला, त्याने ते स्वतःच दचकले आणि त्यांनी कानावर हात ठेवला. मग हात काढून तिच्याकडे सरळ बघितलं.

"चाल, मंदा. माह्या घरी. मले फक्त खिचडी येते."

"कुठी बसवसान? बाहेर ओट्यावर?"

"चुलीजवय," आबा म्हणाले.

मंदाबाईने पदर खोचला आणि मला म्हणाली, "तुमीबी चला, ताई." मी चौदा कान संपवते आणि येते म्हटलं. खरं तर अठ्ठावीस होते, आणि त्या दिवशी ते मी कसे तपासले माझं मला माहीत. संध्याकाळी पोचले तेव्हा दोघं चुलीजवळ पाटांवर बसली होती आणि माझं ताट वाढून ठेवलेलं होतं. खिचडी खारट झाली होती. मंदाबाईने ते तोंडावर सांगितलं, आणि आबांना ते पहिल्याच वेळी ऐकू आलं.