डॅरिलचं वॉरंट

ग्रॅनिटी गावात कुणाच्या गाडीचा तळ किती सडलाय, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत लोखंडाचं जे काही असेल ते खारं वारं निवांत बसून खातं. नोलीन पॅस्कोच्या जुन्या स्टेशन वॅगनमध्ये ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसतो, ही बातमी चर्चच्या पायरीपासून पबच्या मोरीपर्यंत पोचली होती. नोलीनचं गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं होतं, ते मात्र कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. अशा बाबतीत माणसं फार सभ्य असतात.

तिचा थोरला भाऊ नेव्हिल हाही त्या सभ्यांतलाच एक. वय अठ्ठावन्न, लग्न नाही, खाण बंद पडल्यापासून घरामागच्या शेडमध्ये पत्र्याची कामं करायचा. दोन्ही वेळेला बहिणीने 'जिन्यावरून पडले' म्हणून सांगितलं आणि दोन्ही वेळेला त्याने मान हलवली. नोलीनच्या घराला जिना नव्हता.

पंधरवड्यापूर्वी ती शेडमध्ये येऊन म्हणाली होती की तळ नीट करून दे, मी क्राइस्टचर्चला चाललेय, परत यायचं नाहीये. पूर्वी एकदा निघाली होतीच ती. तेव्हा तिच्या नवऱ्याने, डॅरिलने, पोलिसांना फोन करून कळवलं की वॉरंट नसलेली एक गाडी घाटाकडे येतेय. पोलिसांनी अडवली. मग डॅरिल फुलं घेऊन तिला आणायला गेला. पहिलं हाड त्याच आठवड्यातलं.

वॉरंट म्हणजे गाडी चालवण्यालायक असल्याचा कागद, काचेवर चिकटवतात तो. इकडे हा शब्द कानावर पडला की माणसाला आधी आपले टायर आठवतात. वेस्टपोर्टला गाड्या तपासून तो कागद देणारा हेमी, नेव्हिलचा जुना मित्र. नेव्हिलने त्याला गळ घातली होती: तळ मी जोडतोच आहे, या खेपेला न बघता दे. हेमी नुसतं 'बघू' म्हणाला होता. हेमीची बायको रॉइमाता ही तिथली कॉन्स्टेबल, त्यामुळे हेमी शक्यतो 'बघू' एवढंच म्हणतो.

शुक्रवारी सकाळपासून नेव्हिल त्या गाडीवर तुटून पडला. आधी ड्रायव्हरची सीट उपटून बाहेर फेकली. मग गालिचा फाडला. खाली डांबराचा थर, त्याखाली कुणीतरी पूर्वी थापलेली पुट्टी, आणि पुट्टीखाली काहीच नाही. त्याने छिन्नी घातली तर ती हातातून सुटून थेट खाली जमिनीत रुतली. ग्राइंडरने सडका भाग चौकोनात कापून काढला. ठिणग्या हातावर उडून केस जळत होते, आणि आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात येऊन त्याला थोडी लाज वाटली. नोलीन नवा पत्रा पकडीत धरून उभी होती. तिची बॅग मागच्या सीटवर होती. गाडी पुढच्या चाकांनी दोन लाकडी रॅम्पवर चढवलेली, नाक वर, ढुंगण अंगणाच्या उताराकडे.

नव्या पत्र्याला चार कोपऱ्यांत वेल्डिंगचे चार टाके मारून, घासून झाले, तेवढ्यात फोन वाजला. रॉइमाता होती. ग्राइंडर अजून घरघरत थांबत होता, त्यामुळे निम्मंच ऐकू आलं.

"नेव्ह, डॅरिलचं वॉरंट निघालं. चारला येते घेऊन. तोवर दार लावून घे, आणि कुणापाशी बोलू नकोस."

गाडीचे कागद डॅरिलच्या नावावर होते. तेव्हा हेमीने आपला शब्द ठेवला, न बघताच कागद दिला आणि तो बायकोच्या हाती चोरून पाठवतोय, हे नेव्हिलला लख्ख कळलं. चोरीचा मामला, म्हणून दार लावायचं. त्याने रॉइमाताला इतके आशीर्वाद दिले की ती क्षणभर गोंधळली. दार लावायचं मात्र राहून गेलं, कारण त्याच्या दाराची बिजागरीच गंजलेली होती.

तीनला डॅरिल आला. चालत आला, कारण लायसन्स गेलेलं, आणि पबपासून आला, हे सांगावं लागलं नाही. तो नेव्हिलला नेहमी 'साल्या' म्हणायचा. नात्याने ते बरोबरच असल्यामुळे तक्रार करता येत नसे.

"काय साल्या, पंधरा दिवस झाले. पत्रा जोडतोयस का बोट बांधतोयस?"

मग त्याची नजर मागच्या सीटवरच्या बॅगेवर गेली. डॅरिलचं डोकं दुसरीकडे वळवायला काहीतरी गोड बोलावं, म्हणून नेव्हिल घाईघाईने म्हणाला, "तुझं काम झालं बघ. तुझं वॉरंट निघालं. रॉइमाता चारला स्वतः घेऊन येतेय."

मंगळवारी ग्रेमाउथच्या कोर्टात डॅरिलची तारीख होती. पबमध्ये कुणाची तरी बरगडी मोडल्याचं प्रकरण. तारखेला तो गेला नव्हता, आणि घरी त्याने यातलं काही सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे संबंध तालुक्यात हा शब्द बरोबर ऐकणारा त्या दिवशी तो एकटाच निघाला.

तो नोलीनकडे वळला. "तू बोललीस?"

कशाबद्दल ते तिला ठाऊक नव्हतं. उत्तराची वाटही त्याने पाहिली नाही. तिचे केस मुठीत धरून त्याने तिचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं, एकदा, आणि दार पुरेसं वाजलं नाही असं वाटून पुन्हा एकदा. तिची भुवई फुटली. नेव्हिल मध्ये पडला, तेव्हा डॅरिलने फळीवरचा पत्रा ठोकायचा हातोडा उचलून त्याच्या जबड्यावर घातला. दोन दात जिभेवर आले. नेव्हिलने ते थुंकले आणि हाताला लागेल ती वस्तू उचलून जिवाच्या आकांताने मेव्हण्याच्या टाळक्यात हाणली. ती वस्तू सकाळी कापलेला जुना तळ होता. तो डॅरिलच्या डोक्यावर कुरडईसारखा चुरला. तांबड्या भुकटीने माखलेला डॅरिल शिंकला, आणि मग त्याने नेव्हिलची बरगडी लाथेने मोडली. बरगड्यांवर त्याचा हात बसलेला होता.

"किल्ली कुठाय?"

किल्ली गाडीलाच होती. चार वाजायच्या आत घाटापलीकडे जायचं त्याने ठरवलं होतं. सीट नाही, हे पाहून त्याने बिअरचं रिकामं खोकं उचललं, नव्या चकचकीत पत्र्यावर पालथं टाकलं आणि आत चढून त्यावर बसला.

जमिनीवर पडलेल्या नेव्हिलने तोंड उघडलं. चारच टाके आहेत, कडा जोडलेल्या नाहीत, हे कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगणं त्याचं कर्तव्य होतं. त्याने नोलीनच्या कपाळाकडे पाहिलं. रक्त तिच्या हनुवटीवरून थेंबथेंब पडत होतं. आयुष्यभर नको तिथे गप्प राहिलेला माणूस आणखी एकदा गप्प राहिला.

डॅरिलने रिव्हर्स टाकला आणि गाडी रॅम्पवरून धाडकन खाली आली. टाके एकामागून एक तुटले, शर्टाची बटणं तुटावीत तसे. पत्रा, खोकं आणि डॅरिल कमरेपर्यंत खाली गेले. इंजिन बंद पडलं, पण उतार चालूच होता. गाडी मागे मागे निघाली. वर छाती, खाली पाय, आणि पायांखाली खडी. तो स्टिअरिंगला मिठी मारून ओरडत होता. वीस पावलांवर पाण्याची टाकी होती. गाडी तिच्यावर आदळून थांबली, आणि मग ओरडणं नीट ऐकू येऊ लागलं. दोन्ही नडग्या मोडल्या होत्या. डाव्या पायाचं हाड बाहेर आलं होतं.

रॉइमाता चारला दहा कमी असताना आली. कागद वाचून दाखवायचा असतो म्हणून तिने तो, ग्राइंडरने दाराचा खांब कापून डॅरिलला बाहेर काढेपर्यंत, त्याच्याशेजारी उभं राहून वाचून दाखवला. कापलं नेव्हिलने, एका हाताने बरगडी धरून. तेव्हा कुठे त्याला कळलं की वॉरंट कोणतं होतं. गाडीच्या कागदाचं विचारल्यावर रॉइमाता म्हणाली की हेमी काही न बघता देणार नाही, पण सोमवारी तळ बघायला इथे येईल.

रुग्णवाहिका चालवणारी आयलीन गावातलीच. तिने डॅरिलला आत सरकवलं, नोलीनच्या भुवईला पट्टी लावली आणि आजवर प्रत्येक बायकोला म्हणत आली तेच म्हणाली, "ये, नोलीन, त्याच्याजवळ बस. कुणीतरी हवं ना सोबत."

अंगणात सगळे नोलीनकडे पाहू लागले. आतून डॅरिलचा आवाज आला, अगदी फुलं आणतानाचा. "नोली. चल ना गं."

नोलीनने रॅम्पपाशी पडलेला पत्रा उचलला. त्याचा एक कोपरा मुडपला होता. तो तिने हातोड्याने तीन ठोक्यांत सरळ केला आणि पत्रा पकडीत धरून गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"माझे हात गुंतलेत, आयलीन," ती म्हणाली. "दुसरं कुणीतरी बघ."

आयलीनने रुग्णवाहिकेचं दार लावून घेतलं. नेव्हिलने तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा ओढला आणि बहिणीला म्हणाला, डोळे मीट.