देवासचा माघ

अनीशनं बंगळूरहून तिकीट काढलं, छुट्टी मंजूर करून घेतली, आणि मग विद्युल्लतानं देवासहून धारच्या नारायणराव गुरुजींना फोन लावला. नानांचं, म्हणजे या दोघा भावंडांच्या वडिलांचं, वर्षश्राद्ध होतं. तारीख ऐकून गुरुजींनी पंचांग उघडलं.

"बाई, त्या दिवशी वद्य अष्टमी आहे खरी, पण पौषातली. नाना माघात गेले. अजून महिना आहे."

तारीख काढली होती पंचांगाच्या एका मुक्तस्रोत, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या, प्रोग्रामनं. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, 'आपले राज्य निवडा.' विद्युल्लतानं मध्य प्रदेश निवडलं, नानांची तिथी भरली. नावाआधी प्रोग्रामनं आपणहून 'कै.' लावलं, तेवढं तिनं खोडलं. पण हे राज्य निवडलं की महिना पौर्णिमेला संपणारा धरला जातो, हे पुस्तिकेत कुठेच नव्हतं. शेजारपाजारच्या सगळ्यांचा महिना तसाच संपतो. धार-देवासच्या मराठी घरांतला मात्र अमावास्येला संपतो. त्यामुळे शेजाऱ्यांचा माघ वद्य पक्ष या घरांच्या पौषात पडतो. ही माणसं हिंदीत शिकली, हिंदीत भांडतात, पण श्राद्ध अजून आपल्याच महिन्यानं करतात.

"ताई, त्याच दिवशी उरकू ना यार," अनीश फोनवर म्हणाला. "दुसऱ्यांदा छुट्टी कोण देणार?"

"नानांची तिथी तुझ्या छुट्टीवर ठरणार नाही."

त्या संध्याकाळी तिनं प्रोग्रामच्या संकेतस्थळावर चूक नोंदवली. काय भरलं, काय निघालं, पुस्तिकेत कोणतं वाक्य हवं, सगळं लिहिलं. पुस्तिका सांभाळणारा पुण्याचा शार्दूल नावाचा स्वयंसेवक होता. त्याचं उत्तर मराठीतच आलं: 'प्रोग्राम बरोबर आहे. मध्य प्रदेशात हीच पद्धत आहे. तिथे राहता, तर तिथली पाळा. विषय बंद.'

विद्युल्लतानं विषय पुन्हा उघडला. 'मी तिथे राहत नाही, इथे राहते,' तिनं लिहिलं. 'महिना राज्याचा नसतो, घराचा असतो. राज्य विचारता, तसं घरही विचारा. निदान तुम्ही परस्पर काय ठरवता, ते तरी सांगा.'

ते वाचून अनीशचा लगेच फोन. तोही प्रोग्राम बनवण्याच्याच धंद्यातला.

"ताई, तिथे माझ्या ओळखीचे लोक आहेत. फुकट काम करतात बिचारे, आणि तू त्यांच्याशी भांडतेस!"

"मीही फुकटच करतेय."

"एका वाक्यासाठी?"

"ते एक वाक्य नव्हतं म्हणूनच तू तिकीट काढून बसलास ना?"

तिकीट परत होणारं नव्हतं. अनीश आला, दोन दिवस राहिला, नानांच्या खोलीत झोपला. श्राद्ध झालं नाही. निघताना दारात म्हणाला, "माघात मी नसेन. मग करणार कोण?"

"मी."

"बायका करतात का?"

"करत नाहीत असं कुठे लिहिलंय, ते दाखव. मग बोलू."

तो हसला नाही, पण वाकून पाया पडला. एरवी पडत नसे.

दरम्यान शार्दूलनं विषय आणखी एकदा बंद केला: 'अशी कुटुंबं असून असून किती असणार?' तिनं तो उघडला. 'किती आहेत, हे तुम्ही विचारलंच नाहीत. म्हणून तर ती तुम्हाला दिसत नाहीत.'

माघ वद्य अष्टमीला सकाळी ती धारला पोचली. नारायणरावांनी दर्भ मांडले, तीळ घेतले आणि इकडेतिकडे पाहिलं. "अनीश?"

"मी बसणार आहे."

 गुरुजींनी पाट तिच्याकडे सरकवला. "दक्षिणेकडे तोंड करा."

माघ मास, कृष्ण पक्ष, अष्टमी तिथी. गुरुजी सांगत गेले, ती म्हणत गेली.   नानांचं नाव तिनं स्पष्ट उच्चारलं.

जेवणं आटोपल्यावर तिनं फोन पाहिला. शार्दूलनं पुस्तिकेत वाक्य घातलं होतं, शेवटच्या पानावर, 'अपवाद' या मथळ्याखाली. खाली विचारलं होतं, 'आता विषय बंद करू ना?'

तिनं पदराला हात पुसले आणि लिहिलं: 'नाही. जिथे राज्य निवडायला सांगता, तिथेच हे यायला हवं. आणि आम्ही अपवाद नाही.'